दादरा

मनामाच्या मंडईत एप्रिलमध्ये जेमतेम तीन आठवडे
लोकाट येतात, लेबनॉनहून, विमानाने,
जर्दाळूच्या धाकट्या भावंडांसारखे,
गालांवर तपकिरी डाग घेऊन.
डागाळलेलेच घे, मादाम नुहाद म्हणाली होती,
गुळगुळीत असतात ते आतून नुसतं पाणी.

माझ्या वॉर्डात तेरा नंबरच्या खाटेवर होती ती,
पित्ताशय काढलेलं. टाके सुकेपर्यंत
अर्धी अरबीत, अर्धी हातांनी
तिनं मला कृती सांगितली:
गर खाऊन टाक.
दारू गराची नसते, बियांची असते.

मग नाईट संपवून, पायांतले बूटही न काढता
मी बसले सोलत.
एकेका फळात तीन, कधी चार बिया,
घोटलेल्या शिसवासारख्या, बोटांतून सटकणाऱ्या.
एक गेली फ्रिजखाली, ती अजून तिथेच असेल.
बीत थोडं विष असतं, मोजूनच घे, असंही म्हणाली होती.
मोजायचं मला कुणी शिकवू नये.
बावीस वर्षं मी थेंब मोजतेय.

गराचं काय करायचं? दोन किलो गर!
ताट भरून खाली नेलं वॉचमनकडे.
गुलजमान उठून उभाच राहिला.
"ये तो लोकाट है, सिस्टर. हमारे हरिपूर का."
हरिपूरचे नाहीत हे, मी म्हटलं.
तो खातच होता. मनगटापर्यंत ओघळ.
कशासाठी सोललेत, हे त्यानं विचारलं नाही
आणि मीही सांगितलं नाही.
जाताना म्हणाला, "बीज एक-दो देना."

स्पिरिट आणलं हायवेवरच्या त्या दुकानातून,
काळ्या काचांच्या; तिथला मल्याळी पोरगा
दोन पिशव्यांत घालून देतो, एकीत दुसरी.
साखर. लिंबाची साल, पांढरं अजिबात नको.
आणि एक लवंग, जी मादाम नुहादच्या कृतीत नव्हती.
ती भुईगावची. माझे बाबा जांभळाच्या वाईनमध्ये टाकायचे
नाताळाच्या आधी, आईची पाठ वळली की.

बरणीच्या तोंडाला दादरा बांधला,
जुन्या युनिफॉर्मच्या बाहीचा.
चाळीस दिवस उन्हात ठेव, तिनं सांगितलं होतं,
पण ते तिच्या डोंगरातलं ऊन.
इथे मे महिन्यात बाल्कनीचा कठडा हाताला चटका देतो.
मी नऊ दिवसांनी बरणी आत घेतली,
कपाटात, इस्त्रीच्या मागे,
आणि रंग बघायला रोज एकदा दार उघडत राहिले:
आधी काहीच नाही, मग चहाच्या दुसऱ्या पाण्यासारखा,
मग एका पहाटे, ड्यूटीवरून आल्यावर, मधासारखा.
वास कडू बदामाचा. आणि मागून, उशिरा,
बाबांचा.

मादाम नुहाद जुलैत बैरूतला गेली, लेकाकडे.
जाताना नंबर दिला. तो लागत नाही.
हिवाळ्यापर्यंत उघडू नकोस, म्हणाली होती.
कुठला हिवाळा धरायचा मी?
इथला दोन स्वेटरांचाही नसतो.

डिसेंबरच्या तेवीस तारखेला दादरा सोडला.
अँसेल्मनं अंगठ्याएवढ्या ग्लासात घेतली,
जिभेवर फिरवली आणि म्हणाला,
औषध आहे की काय?
थोडा वेळ थांबून त्यानंच ग्लास पुढे केला.

गुलजमानला ती देता येत नव्हती.
केक घेऊन खाली गेले, तर तो म्हणाला, चला, दाखवतो.
इमारतीच्या मागे, जिथे सगळ्या एसींचं पाणी ठिबकतं,
तेलाचा पत्र्याचा डबा, वरचं झाकण कापलेलं,
आणि त्यात वीतभर रोप,
पाच पानं, खरबरीत, उलट्या बाजूने लव असलेली,
कुत्र्याच्या पिल्लाच्या कानांसारखी.
फळ कधी धरेल? मी विचारलं.
"सात साल. आठ."
त्याचा व्हिसा मार्चपर्यंत.
माझा, हॉस्पिटलनं ठरवलं तर, पुढच्या मार्चपर्यंत.
थेंब पडत होता, पाचव्या मजल्यावरून,
बहुतेक माझ्याच खोलीचा.
त्यानं डबा पायानं इंचभर सरकवला
नेमका त्याखाली.